सूर्याची पलीकडील बाजू : ध्वनिलहरींद्वारे झालेल्या शोधाचा इतिहास

पृथ्वीवरून पाहता सूर्याचे एक परिभ्रमण सुमारे २७ दिवसांत पूर्ण होते. त्यामुळे पलीकडच्या बाजूस निर्माण झालेला सौरडागांचा समूह जवळजवळ दोन आठवडे दिसत नाही. ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणून याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. मार्च १९८९ मधील सौर वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास खंडित झाला होता.

या शोधाचे मूळ मात्र वेगळ्याच निरीक्षणात आहे. १९६० च्या सुमारास रॉबर्ट लेटन व त्यांचे सहकारी माउंट विल्सन वेधशाळेत सूर्यपृष्ठावरील वायूंच्या हालचाली मोजत असता, पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो असे त्यांना आढळले. हे आंदोलन म्हणजे सूर्याच्या अंतर्भागात कोंडलेल्या ध्वनिलहरी होत, असे स्पष्टीकरण रॉजर उल्रिक यांनी १९७० मध्ये व जॉन लायबाकर आणि रॉबर्ट स्टाइन यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. डॉइबनर यांच्या १९७५ मधील निरीक्षणांनी त्यास पुष्टी मिळाली.

या लहरी पृष्ठभागावर आदळून परावर्तित होत सूर्यभर फिरतात. तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या प्रदेशातून परतणारी लहर अपेक्षित वेळेपेक्षा काही सेकंद आधी पोहोचते. हा अल्पसा फरक टिपून पलीकडचे चित्र रेखाटता येईल, ही कल्पना चार्ल्स लिंडसे व डग्लस ब्राउन यांनी १९९० मध्ये मांडली. परंतु त्यासाठी लागणारी दीर्घ, अखंड निरीक्षणे तेव्हा उपलब्ध नव्हती. सूर्य मावळताच एका वेधशाळेचे काम थांबते. १९९५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘गाँग’ या सहा केंद्रांच्या जागतिक जाळ्याने ही अडचण बरीच दूर केली. त्यातील एक केंद्र उदयपूर येथे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ‘सोहो’ यान अवकाशात गेले आणि त्याच्याच नोंदींवरून लिंडसे व ब्राउन यांनी मार्च २००० मध्ये पलीकडच्या सक्रिय प्रदेशाचे पहिले चित्र प्रसिद्ध केले.

येथे एक पद्धतिशास्त्रीय प्रश्न उरतोच. जे प्रत्यक्ष दिसत नाही, त्याविषयीचे अनुमान पडताळावे कसे? प्रारंभी तो प्रदेश फिरून समोर येण्याची वाट पाहणे, एवढाच मार्ग होता. आणि तोवर प्रदेश बदललेलाही असे. ‘स्टिरिओ’ ही जुळी याने फेब्रुवारी २०११ मध्ये सूर्याच्या परस्परविरुद्ध बाजूंस पोहोचल्यावर थेट तुलना शक्य झाली. मोठ्या प्रदेशांबाबत ध्वनिचित्रे बहुतांशी खरी ठरली, लहान प्रदेश मात्र अनेकदा निसटले. ही मर्यादा गौण मानता येत नाही. तरीही ऑक्टोबर २०१४ मध्ये जुळ्यांपैकी एका यानाशी संपर्क तुटला आणि संपूर्ण सूर्याचे ते दर्शन खंडित झाले, तेव्हा उरलेल्या भागाच्या माहितीसाठी अभ्यासकांना पुन्हा ध्वनिलहरींकडेच वळावे लागले.