दोन अक्षरांमधली फट

डिंगोऱ्याच्या एसटी थांब्यावर परका माणूस उतरला, की त्याच्यापुढे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला ‘कुठले तुम्ही?’ आणि गावाचे नाव सांगून झाले की दुसरा, ‘कुणापैकी?’ गाव कळल्याने माणूस निम्माच कळतो. आडनाव सांगितले म्हणजे भावकी कळते, सोयरीक जुळते का ते पाहता येते, आणि क्वचित जुने भांडणही आठवते. समोरून मुंबईकडे भाजीपाल्याच्या गाड्या जात असतात. पूर्वी याच मुलखातला कोकणात उतरण्याचा रस्ता नाणेघाटातून होता. त्या वाटेने कल्याण बंदराचा माल जुन्नरच्या पेठेत यायचा. मालाबरोबर माणसेही यायची आणि त्यांनाही हे दोन प्रश्न विचारले जात असणार. काहींनी त्यांची उत्तरे जुन्नरच्या खडकात कोरून ठेवली आहेत.

या लेखात त्यांतल्या एका उत्तराची तपासणी आहे. प्रश्न एका दुर्मीळ आडनावाचा आहे. ते आडनाव ‘गत’, आणि ते सांगणारी माणसे यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी, होती.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या भागांत, लहानमोठी मिळून १८० हून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या थोड्या लेण्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख आहेत. बहुतेक एकदोन ओळींचे, आणि कुणी काय दान दिले एवढेच सांगणारे. तेवढ्यातही दाता स्वतःची ओळख नेमकी करून देतो. लेण्याद्रीचे चैत्यगृह कोरवणारा सुलसदत कल्याणचा होता आणि एका हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा मुलगा होता. गाव, धंदा, बाप आणि नाव, सगळे एका वाक्यात आले. नहपान या महाक्षत्रपाचा अमात्य अयम याने मानमोडीवर मंडप आणि टाके करवले. त्याने आपले गोत्र वत्स सांगितले आणि वर्षही दिले, ४६. शकगणना धरली तर हे इ.स. १२४ येते. भडोचहून आलेले बुधमित आणि बुधरखित हे दोघे भाऊ आणखी काटेकोर निघाले. त्यांच्या दोन खोल्यांच्या लेण्यावर ‘भारुकछकानं लंकुडियानं भातूनं’ असे शब्द आहेत: भडोचच्या, लंकुडिय घराण्यातल्या भावांचे. ‘कुठले?’ भडोचचे. ‘कुणापैकी?’ लंकुडियांपैकी.

आडनाव शोधणाऱ्याला असा लेख म्हणजे मेजवानी. इंग्लंडमध्ये दुर्मीळ आडनावांच्या मागे लागलेल्या हौशी आणि व्यासंगी माणसांची मोठी परंपरा आहे. तिथे १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी होऊ लागल्या. १८८१ च्या जनगणनेतली नावे नकाशावर मांडली, की एखादे दुर्मीळ आडनाव दोनतीन खेड्यांभोवती गोळा झालेले दिसते. मग त्या खेड्यांच्या जुन्या वह्या उघडायच्या आणि मूळ शोधायचे. या पद्धतीचा पहिला धडा असा, की नावाची नुसती यादी उपयोगाची नाही, त्याचा पसारा पाहायचा. दुसरा धडा अनुभवाने शिकलेला आहे. कारकुनाने एक अक्षर चुकीचे लिहिले किंवा नंतरच्या वाचकाने ते चुकीचे वाचले, तर कधीच नसलेले आडनाव जन्माला येते आणि त्याचीही वंशावळ लोक शोधू लागतात.

जुन्नरच्या लेखांत यवन म्हणवणारे दाते तीन. मानमोडीच्या एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ‘यवनस चंदानं’ असा लेख आहे, दान ‘गभदार’, म्हणजे गर्भद्वार. दुसरा दाता चिट, त्याने संघाला भोजनमंडप दिला. तिसरा इरिल, त्याने दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

हे लेख १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांच्या लेणीलेखांच्या संग्रहात छापले गेले. त्यांनी दुसरा लेख ‘यवनस चिटस गतानं’ असा वाचला आणि तिसरा ‘यवनस इरिलस गतान’ असा. अर्थ झाला, गतांपैकी यवन चिट आणि गतांपैकी यवन इरिल. दोन दाते आणि त्यांना जोडणारे एकच कुलनाम. लंकुडियांप्रमाणेच इथेही षष्ठीचे बहुवचन आहे, म्हणून हे वाचन पटण्यासारखेच होते.

मग हे गत कोण? १९१२ मध्ये नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनो यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. त्यांच्या मते गत म्हणजे गॉथ, म्हणजे पुढे रोमन साम्राज्याला हादरवणारे जर्मानिक लोक. इरिल आणि चिट या नावांनाही त्यांनी जर्मानिक भाषांत नाते शोधले. सह्याद्रीच्या लेण्यात गॉथ असल्याची कल्पना इतकी मोहक होती, की ती आजही अधूनमधून उगवते.

पण तिच्यापुढे काळाची अडचण आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ मध्ये लिहिले तेव्हा हे लोक पोलंडमधल्या व्हिस्टुला नदीच्या बाजूला होते. काळ्या समुद्राच्या काठावर त्यांच्या धाडी पडू लागल्या त्या तिसऱ्या शतकात. जुन्नरचे हे लेख अक्षरवटिकेवरून पहिल्या-दुसऱ्या शतकांतले आहेत. एखादा गॉथ रोमन जहाजावर चढून आला असेलही, पण तसे म्हणायला पुरावा हवा आणि इथे पुरावा म्हणून आहे फक्त नावांचा सारखेपणा. आडनावांच्या शोधात सर्वांत जास्त माणसे बुडाली ती याच डोहात. ‘गायकवाड’ शब्दातला ‘गाय’ पाहून कुणी गवळ्यांचे मूळ सांगतो, आणि तेवढ्याच आत्मविश्वासाने दुसरा काही वेगळे सांगतो.

तेव्हा कोनोंचे उत्तर थोडे बाजूला ठेवू आणि प्रश्नाकडेच पाहू. मुळात ‘गत’ हा शब्द तिथे आहे का?

ब्राह्मी लेखात शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नव्हती. पाथरवट अक्षरे एकामागून एक सलग कोरत जाई. चिटाचा लेख प्रत्यक्षात असा दिसतो:

यवनसचिटसगतानंभोजणमटपोदेयधमसघे

‘चिटस’ आणि ‘गतानं’ यांमधली फट खडकात नाही, ती छापील पानावर आहे. संपादकाला कुठेतरी शब्द तोडावेच लागतात आणि १८८१ मध्ये उपलब्ध साधनांच्या आधारे तिथे तोडणे रास्त होते. ‘चिटस’ म्हणजे चिटाचे, हे सरळ व्याकरण. नवे साधन हाती यायला चाळीसेक वर्षे गेली, आणि ते जुन्नरहून नाही, कार्ल्याहून आले.

कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब यवनांनी दिलेले आहेत. त्यांतले काही लेख एमिल सनार यांनी आधी छापले होते. राहिलेले माधो सरूप वत्स यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात प्रसिद्ध केले. हे लेख एकाखाली एक मांडले, की त्यांचा साचा डोळ्यांत भरतो. आधी गाव: बहुतेकांचे धेनुकाकट. मग ‘यवनस’, एकवचनात. मग दात्याचे नाव आणि ते मात्र बहुवचनात: सिहधयान, धमधयानं, यसवधनानं, चुलयखान. शेवटी ‘थभो दानं’, म्हणजे खांब दान.

एका माणसाच्या नावाचे बहुवचन का? ज्यांची भाषा आदरासाठी बहुवचन वापरत नाही त्यांना हे कोडे वाटेल. मराठी माणसाला वाटायचे कारण नाही. ‘पाटलांचा वाडा’ म्हटल्यावर पाटील किती होते, असे आपण विचारत नाही. वाडा एका पाटलाचा असू शकतो किंवा घराण्याचा. खांबावरचे बहुवचन आदराचे असो वा घराचे, साचा एकच आहे: ‘यवनस’ एकवचनी आणि पुढचे नाव बहुवचनी. मानमोडीचा ‘यवनस चंदानं’ हा लेख याच साच्यात बसतो.

कार्ल्याच्या याच मालिकेत एक खांब धेनुकाकटाचा नाही, उमेहनाकट या गावच्या यवनाचा आहे. त्या यवनाचे नाव वत्स यांनी एकसंध वाचले, ‘चिटसंगतानं’. म्हणजे दात्याचे नाव चिटसंगत.

आता जुन्नरच्या ओळीकडे परत येऊ. ‘यवनस’ एकवचनी. पुढची अक्षरे ‘चिटसगतानं’. मधे फट न ठेवता वाचले तर कार्ल्याच्या आणि मानमोडीच्या साच्यात ती जशीच्या तशी बसतात. फरक फक्त अनुस्वाराचा: कार्ल्याला नाव ‘चिटसंगत’ असे धरायचे, तर इथे ‘स’ वर टिंब नाही. पण ओळीच्या शेवटचा शब्द पाहा. दान संघाला दिले आहे, शब्द हवा ‘संघे’, आणि कोरला आहे ‘सघे’. याच पाथरवटाने याच ओळीत याच अक्षरावरचा अनुस्वार गाळला आहे. एकदा गाळणाऱ्याने तो दोनदा गाळला, असे मानायला फार धीटपणा लागत नाही.

इरिलाच्या ओळीलाही हाच न्याय लागू होतो. ‘इरिलस गतान’ ऐवजी ‘इरिलसंगतान’. म्हणजे ‘गत’ हे कुलनाम दोन्ही ठिकाणी विरघळते आणि उरतात ‘-संगत’ शेपटीची दोन नावे.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. इरिल हा शब्द इथल्या कोणत्याही भाषेतला वाटत नाही. परका शब्द आणि संस्कृत वळणाचे ‘संगत’ यांची मोट कोण बांधेल, अशी शंका येते. पण आपल्याच इतिहासात शाहला ‘जी’ लागून शहाजी झाला आणि पीराला ‘जी’ लागून पिराजी. ती नावे कुणाला जोडकाम वाटत नाहीत. दुसरी हरकत लंकुडियांची: कुलनामाचे बहुवचन जुन्नरमध्ये प्रत्यक्ष आहे, मग ‘गतानं’ का नसावे? असू शकते. मात्र लंकुडियांच्या लेखात गाव, घराणे आणि ‘भाऊ’ हा शब्द, ही तिन्ही पदे बहुवचनात आहेत, कारण भाऊ दोघे आहेत. चिट आणि इरिल यांच्या ओळींत तसे काही नाही. दोन्ही पारडी तोलून पाहिली, तर माझा कौल फट बुजवण्याकडे जातो. कोनोंच्या गॉथांना उभे राहायला जी जागा होती, ती छापखान्यात तयार झालेली होती.

एक आडनाव हातचे गेले, त्याबदली काय मिळाले? दुर्मीळ नावाचा एक गुण आहे. गणपत नावाची दोन माणसे दोन गावांत सापडली तर काहीच सिद्ध होत नाही. चिटसंगत हे नाव मात्र दोनच ठिकाणी सापडते, कार्ल्याला आणि जुन्नरला. दोन्हीकडे यवन, दोन्हीकडे बौद्ध संघाला दान, काळ सुमारे तोच आणि मुलूख घाटमाथ्याचा. तो एकच माणूस असण्याचा संभव बराच आहे. मग कार्ल्याला खांब देणारा आणि जुन्नरला भिक्षूंच्या जेवणाची सोय करणारा हा दाता उमेहनाकटाचा रहिवासी ठरतो. जहाजावरून उतरून चार महिन्यांत परत जाणारा हा फिरता व्यापारी नव्हे. एक लेणे पुरे होईपर्यंत इथे राहणारा, इथल्या दोन संघांना ओळखणारा माणूस आहे.

बाकीची नावेही तेच सांगतात. सिहधय म्हणजे सिंहध्वज, धमधय म्हणजे धर्मध्वज, यसवधन म्हणजे यशोवर्धन. नाशिकच्या सतराव्या लेण्यातला योनक, म्हणजे यवन, इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा रहिवासी, आणि त्याच्या बापाचेही नाव धर्मदेव. या लोकांनी नावे इथली घेतली होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराची हकिगत आहे: आधी तिथे परदेशी व्यापाराला मोकळीक होती, पुढे ती गेली आणि आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या बंदराचे भाग्य असे बदलत असताना वर घाटमाथ्यावर हे लोक खांब, टाकी आणि भोजनमंडप देत होते.

आणि आता लंकुडियांची ओळ उमेहनाकटच्या ओळीशेजारी ठेवून पाहा. भडोचचे, लंकुडिय, बुधमित-बुधरखित. उमेहनाकटचा, यवन, चिटसंगत. आधी गाव, शेवटी नाव, आणि मधल्या जागी ‘कुणापैकी?’ या प्रश्नाचे उत्तर. त्या जागी यवनांनी दर वेळी एकच शब्द कोरला. नावे बदलली, धर्म बदलला, गावही इथलेच झाले. तो शब्द त्यांनी सोडला नाही. चिटाच्या ओळीत आडनाव शोधणारे सगळे सातव्या अक्षरानंतर शोधत राहिले. आडनाव पहिल्या अक्षरापासूनच लिहिलेले होते.