दिंडी दरवाजा

औशाचा किल्ला पाहायला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे किल्ला दिसतच नाही. लातूरहून वीसेक किलोमीटर आलो, गाव आले, बाजार आला, तरी किल्ला कुठे आहे? सह्याद्रीतल्या गडांची सवय झालेली नजर वर शोधत राहते आणि औसा खाली असतो. भोवतालची जमीन उंच, किल्ला खोलगटात. आतल्या उंच बुरुजावरून चालून येणारी फौज दुरून दिसावी, पण फौजेला किल्ल्याचा बराचसा भाग अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये, अशी ती जागा आहे. खंदक आणि तट आहेतच. तरी औशाचे पहिले संरक्षण म्हणजे त्याचे लपून असणे.

याच जिल्ह्यातला उदगीर आणि नांदेड जिल्ह्यातला कंधार हे औशाचे भाऊबंद. तिन्ही भुईकोट. डोंगराचा आधार नाही, तेव्हा सारी भिस्त खंदकावर, तटावर आणि सर्वांत अधिक दरवाजांवर. अशा किल्ल्यांच्या महाद्वाराच्या जाड फळीत एक लहानसे दार कापलेले असते, त्याला दिंडी म्हणतात. (वारीची दिंडी वेगळी, ती मोकळ्या रस्त्याने जाते.) रात्री महाद्वार बंद झाले की ओळखीच्या माणसापुरती ही दिंडी उघडायची. आत येणाऱ्याला वाकून, एकट्याने आणि डोके पुढे करून यावे लागते, म्हणजे पहारेकऱ्याला त्याची खातरजमा करता येते. मोठा दरवाजा बंदच ठेवून एका माणसापुरता मार्ग देण्याची ही युक्ती आम्हाला तटबंदीतल्या सगळ्या बांधकामापेक्षा अधिक बुद्धिमान वाटत आली आहे.

हे आठवण्याचे कारण मात्र फारच गद्य आहे. लातुरात मुख्य कचेरी आणि नांदेडात शाखा असलेल्या एका करसल्लागार मित्राकडच्या राउटरची देखरेख आम्ही बरीच वर्षे हौसेने करीत आलो आहोत. अशा राउटरमध्ये ‘फायरवॉल’ नावाचे एक पान असते आणि त्यात बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या वाहतुकीचे नियम लिहिण्यासाठी एक कोरी चौकट. कोण येतो, कुठून येतो, आतल्या कोणत्या यंत्राकडे जाणार, कोणत्या पोर्टवर, आणि त्याला घ्यायचे की परतवायचे, एवढेच तिचे रकाने. (पोर्ट म्हणजे बंदर असे शब्दकोश सांगेल, मराठवाड्याला समुद्र नाही, तेव्हा आपण दार म्हणू.) नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला लागू पडेल तो अंमलात येतो, त्याखालचे वाचलेच जात नाहीत. आणि अगदी तळाशी, बहुतेक वेळा न लिहिताच, एक नियम गृहीत असतो: ज्याचे नाव वर आले नाही त्याला प्रवेश नाही. महाद्वार बंद, वर लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे एकेक दिंडी.

अशी चौकट भरण्याची विद्या आमच्या मुलखाला नवी नाही. लातूर आणि नांदेड हे भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाच्या सीमेवर करोडगिरीचे नाके असत. इंग्रज आणि निजाम यांच्यातील १८०२ च्या व्यापारी तहाने सीमेवरील जकात शेकडा ५ ठरली होती. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत आली; गाडीचे एक टोक संस्थानात आणि बार्शी इंग्रजी अमलात. एकाच रुळावरून जाणारे पोते दोन राज्यांचे होई. माल कोणता, कोणाचा, कुठून आला, कुठे जाणार, हे नाक्यावर विचारले जाई, आणि विचारलेले वहीत उतरत असे. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सीमेवरच्या छावण्यांतील कार्यकर्त्यांनी हे नाके जाळले, ते योग्यच केले. त्या नाक्यांमागची सत्ता तशीच होती. तरी इतिहासाच्या वाचकाला एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. नाकेदार जुलमी असेल, लाचखाऊ असेल, पण कोणाला आत सोडले याची त्याच्याकडे वही होती. आमच्या राउटरच्या इतिहासात नेमकी ती वही हरवलेली आहे.

संगणकांच्या जगात दाराशी पहारा बसवण्याचा विचार मुळात उशिरा आला. सुरुवातीचे जाळे विद्यापीठांचे, एकमेकांना ओळखणाऱ्यांचे. गावाला वेस असावी असे कुणाला वाटलेच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ काही तासांत हजारो यंत्रांत शिरला, आणि ओळखीच्या गावातही दार लावावे लागते हे सर्वांना कळले. त्याच सुमारास येणारे प्रत्येक पाकीट तपासून घेणारी किंवा टाकून देणारी गाळणी तयार होत होती. पुढे नव्वदच्या दशकात पहारेकऱ्याला स्मरणशक्ती मिळाली. आतला माणूस बाहेर गेला, त्याने काही मागितले, तर त्याचे उत्तर घेऊन येणाऱ्याला वेगळा परवाना लागणार नाही. न बोलावता आलेल्याला मात्र लागेल. आजच्या साध्यातल्या साध्या राउटरलाही एवढी आठवण असते, आणि म्हणूनच नियमांची चौकट कोरी असतानाही आपल्याला वर्तमानपत्र वाचता येते, विवरणपत्र भरता येते.

मे १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. जाळ्यावरचे पत्ते अपुरे पडणार हे दिसत होते, म्हणून एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवण्याची ‘नॅट’ ही तोड एका टिपणात मांडली गेली. हेतू काटकसरीचा होता, संरक्षणाचा नव्हे. पण तिचा एक आनुषंगिक परिणाम झाला: आतली यंत्रे बाहेरून दिसेनाशी झाली. जानेवारी २००५ पासून सरकारी कंपनीचा ब्रॉडबँड देशात आला आणि यथावकाश आमच्याही गावांत पोचला. अडत दुकाने, शिकवण्या, पतसंस्था, डॉक्टरांचे दवाखाने यांच्या टेबलांवर लुकलुकणारी ती पांढरी डबी आली. तिच्यात नियम कोणी लिहिले नाहीत, संकेतशब्द बदलला नाही, आणि तरी बरीच वर्षे फारसे काही बिघडले नाही. याचे श्रेय आम्ही आमच्या हुशारीला दिले. खरे तर तो औसा होता. आम्ही बंद नव्हतो, दिसत नव्हतो एवढेच.

लपण्याची अडचण अशी की ज्या दिवशी बाहेरच्या कुणाला आत बोलवायचे, त्या दिवशी आपणच आपला पत्ता सांगावा लागतो. दुकानात कॅमेरे आले. मालकाला सायंकाळी घरून गल्ला पाहायचा होता. कॅमेरे बसवणारा पोरगा राउटरमध्ये शिरला, एक पोर्ट उघडले, मोबाइलवर चित्र दिसले, चहा झाला, पोरगा गेला. त्याने काय उघडले हे मालकाला ठाऊक नाही, आणि पुढच्या महिन्यात ते पोराच्याही लक्षात राहत नाही. काही यंत्रे तर पोराचीही वाट पाहत नाहीत; ‘यूपीएनपी’ नावाच्या सोयीने ती राउटरला आतूनच सांगतात की माझ्यासाठी दार उघड, आणि राउटर उघडतो. जुन्या बखरींत याला फितुरी म्हणत. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या टोळधाडीने जगभरातले असे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या संकेतशब्दांनीच काबीज केले, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याच बळावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या फौजेत मराठवाड्यातले कॅमेरे नव्हतेच, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. जुलै २०१७ मध्ये तर दूरस्थ देखभालीसाठी उघड्या राहिलेल्या दारातून आणि न बदललेल्या संकेतशब्दांमुळे भारतातील सार्वजनिक क्षेत्राच्या ब्रॉडबँडचे हजारो मोडेम निकामी झाले. ती दारे ग्राहकांनी उघडली नव्हती. पण ती उघडी आहेत हे पाहण्याची सवयही कुणाला नव्हती.

आता आमची गोष्ट. ती सांगताना संकोच वाटतो, पण इतरांच्या चुका लिहून स्वतःची झाकणे हा इतिहासलेखनाचा धर्म नव्हे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कचेरीतले हिशेब पाहणारे गृहस्थ नांदेडला अडकले आणि ‘टॅली’ लातूरच्या यंत्रावर. आम्ही त्यांच्यासाठी ३३८९ हे पोर्ट उघडले. दुरून दुसऱ्या यंत्राचा पडदाच आपल्यासमोर आणण्याचे ते दार. ‘कुठून’ या रकान्यात त्यांच्या घरचा पत्ता लिहायला हवा होता. पण घरगुती जोडणीचा पत्ता सारखा बदलतो, रोज फोन यायचा, म्हणून तिसऱ्या दिवशी तिथे आम्ही ‘कुठूनही’ असे लिहून मोकळे झालो. नियमाला नाव दिले ‘टेम्प’. पंधरा दिवसांची तर बाब. टाळेबंदी उठली; वर्षभराने ते गृहस्थ दुसरीकडे नोकरीला गेले; त्यांना निरोपाचा नारळ आणि शाल दिली त्या समारंभाला आम्ही हजर होतो. दिंडी तशीच उघडी होती.

२०२१ च्या दिवाळीआधी एका सकाळी कचेरीतल्या सर्व धारिकांची नावे बदललेली दिसली आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. नोंदी पाहिल्या तर कित्येक दिवस कुणी अनोळखी पत्त्यांवरून एकामागून एक संकेतशब्द लावून पाहत होते. नेटाने कडी वाजवत होते, म्हणा ना. राखीव प्रत तीन महिने जुनी निघाली. पैसे दिले नाहीत. पण मुदतीच्या तारखा डोक्यावर, आणि आपला हिशेब आता कुठे आहे, या अशिलांच्या प्रश्नाला मित्राकडे उत्तर नव्हते. तो आमच्यावर रागावला नाही. त्याने रागावावे असे मात्र आम्हाला फार वाटत होते. गंमत (हा शब्द आज लिहवतो, तेव्हा सुचला नसता) अशी की बाजार समितीतल्या ज्या दोन-तीन अडत्यांच्या लाल कापडी वह्यांना आम्ही जुनाट म्हणून हसत असू, त्यांचे हिशेब चार दिवसांत पुन्हा उभे राहिले. बाकीच्यांचे पावत्या जुळवत जुळवत संक्रांत आली.

या प्रकाराला तंत्राची चूक म्हणता येणार नाही. नियम आम्ही लिहिला तसाच, अक्षरशः, पाळला गेला. १६३१ साली मोगलांच्या नसीरी खानाने कंधार घेतले. पुढे खान-ए-दौरान हा किताब मिळालेल्या त्याच सरदाराने १६३६ मध्ये उदगीरला काही महिने वेढा घातला, तेव्हा किल्लेदार सिद्दी मिफ्ताहने किल्ला खाली करून मोगलांची चाकरी पत्करली, आणि पाठोपाठ भोजबलाकडून औसाही गेले. लपलेला औसा आणि तटबंद उदगीर एकाच मोहिमेत पडले. तरी त्या किल्लेदारांना निदान आपल्या दरवाजांची संख्या ठाऊक होती. आम्हाला आमच्या दिंड्यांची नव्हती.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने निर्देश काढले: अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी, नोंदी १८० दिवस जपाव्यात. निर्देश रास्त आहेत. पण छोट्या राउटरच्या स्मृतीत नोंदींच्या काहीशे ओळी मावतात आणि वीज गेली की त्याही जातात. आमच्याकडे वीज किती इमानाने जाते हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला काय सांगावे! नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवून ठेवण्याची सोय बऱ्याच राउटरांत असते. ती आम्ही आता सुरू केली आहे.

आणि औशाचा खोलगटही भरून येतो आहे. पत्त्यांची टंचाई संपवणारी ‘आयपीव्ही६’ ही नवी पद्धत भारतात झपाट्याने रुळली. तिच्यात कचेरीतल्या प्रत्येक यंत्राला, छपाईयंत्रालाही, स्वतःचा जगजाहीर पत्ता मिळू शकतो. नॅटचा आडोसा उरत नाही. अशा वेळी चौकटीच्या तळाचा तो न लिहिलेला नियम खरोखर आहे की नाही, एवढाच प्रश्न राहतो. जुन्या पद्धतीसाठी महाद्वार बंद आणि नव्यासाठी सताड उघडे, असे राउटर आम्ही पाहिले आहेत. दोन्हींची पाने वेगळी असतात, आणि बसवणारा एकच पान उघडतो.

कचेरीत ३३८९ आता बंद आहे. नांदेड शाखेसाठी ‘वायरगार्ड’चा बोगदा आहे: एकच दिंडी, आणि तिच्याशी किल्ली न दाखवणाऱ्याला आतून साधे उत्तरही मिळत नाही. यूपीएनपी बंद केले. राउटरशेजारी एक दोनशेपानी वही दोऱ्याने बांधून ठेवली आहे, तिचे रकाने करोडगिरीच्या नाक्याला शोभावेत असे: कोणासाठी, कुठून, कोणत्या यंत्राकडे, कोणी उघडले, आणि शेवटी ‘कधी बंद करायचे’. परवा कॅमेरे दुरुस्त करणारा मुलगा आला होता. वही पाहून तो हसला, म्हणाला, काका, हे तर आमच्या आजोबांच्या दुकानासारखं झालं. त्याने पोर्टचा आकडा लिहिला, सही केली. शेवटचा रकाना त्याने कोरा ठेवला होता. त्याला जिन्यावरून परत बोलवावे लागले.