कुलाब्याचा बिनचुन्याचा तट

अलिबागच्या किनाऱ्यासमोरील कुलाबा किल्ल्याच्या बांधकामाचा आदेश शिवाजी महाराजांनी मार्च 1680 मध्ये दिला, संभाजी महाराजांच्या काळात ते काम पूर्ण झाले आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे बनले, हा इतिहास सुपरिचित आहे. खरे कोडे तटाचे आहे. बाहेरच्या बाजूस मोठमोठे काळे चिरे एकावर एक नुसते रचलेले असून त्यांच्या दरजांत चुना नाही. अशा रचनेला शुष्कसांधी बांधकाम म्हणतात. भरतीची लाट आदळली की पाणी या फटींत शिरते, तेथेच तिचा जोर विखुरतो आणि लाट ओसरताच पाणी वाहून जाते, त्यामुळे चिऱ्यांमागे पाणी तुंबून ते बाहेर ढकलले जात नाहीत.

ही युक्ती समुद्राने शिकवली, असे सर्रास मानले जाते. तिचे कूळ मात्र देवळांत शोधावे लागते. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जाणारी हेमाडपंती शैली म्हणजे चुन्यावाचून, घडीव दगडांच्या वजनावर आणि खाचांवर उभे राहणारे बांधकाम. हे नावही तसे अन्यायाचेच, कारण उत्तर कोकणातले अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय 1060 सालचे, म्हणजे हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे आहे. काळ्या पाषाणाला त्याच्याच भाराने बसवण्याची विद्या कोकणच्या पाथरवटांना अशी जुनीच अवगत होती.

याविरुद्ध पहिला आक्षेप घाईचा: चुना मळत बसण्यास सवड नव्हती. परंतु अवजड चिरे जुळवून बसवणे हे काही झटपट उरकण्याचे काम नव्हे, आणि शिंपले भाजून चुना करता येणाऱ्या किनाऱ्यावर चुन्याची टंचाई होती, हेही पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. देवळातील दगड घासूनपुसून खाचांत बसवलेले असतात, तर कुलाब्याचे चिरे ओबडधोबड आहेत. शिवाय दोहोंमध्ये शतकांचे अंतर आहे. ते अंतर पाथरवटांच्या पिढीजात हातांनी भरून काढले, असे अनुमान येथे बेधडक करावे लागते. ओबडधोबडपणाचे उत्तर असे की, फटी बुजवणे हा देवळाचा हेतू होता आणि त्या राखणे हा तटाचा.

सिंधुदुर्गाचा दाखला मात्र सहज बाजूला सारता येत नाही. 1664 मध्ये सुरू झालेल्या त्या किल्ल्याच्या पायात शिसे ओतल्याची प्रसिद्धी आहे. सोळा वर्षांनी तीच सत्ता सांधे उघडे ठेवते, हे विसंगत वाटते. पण शिसे पायाला खडकाशी जखडण्यासाठी होते, तटाची दरज बंद करण्यासाठी नव्हे. शिवाय ओहोटीला कुलाब्याला चालत जाता येते, इतके तेथील पाणी उथळ असते. किनाऱ्याच्या बाजूने तरी लाट तटाला भिडण्याआधीच थकत असणार, आणि तेवढ्यापुरते फटींचे श्रेय कमी करणे भाग आहे.