आमवातातील विस्मरण : सांध्यांपलीकडचे दुखणे

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला मराठीत आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे, मात्र दोन्ही संज्ञा तंतोतंत एकच नव्हेत. सकाळी बोटे आखडणे, मनगटाला सूज येणे, मूठ न वळणे ही या विकाराची लक्षणे बहुतेकांना ठाऊक असतात. त्याच रुग्णाला बोलताना नेमका शब्द आठवेनासा झाला, हिशेब चुकू लागला किंवा गॅसवर ठेवलेल्या दुधाचा विसर पडू लागला, तर त्याचा संबंध सांध्यांशी कोणी जोडत नाही. ‘वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो.

वास्तविक हा विकार केवळ सांध्यांचा नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि त्यातून निर्माण होणारी दाहकारक द्रव्ये रक्तावाटे सर्वत्र पोचतात. मेंदूच्या कार्यावरही त्यांचा परिणाम होत असावा, असे अभ्यासक मानतात. त्यात वेदनेमुळे मोडलेली झोप, थकवा, रक्तक्षय आणि नैराश्य यांची भर पडते. यांपैकी नेमके कारण कोणते, हे एकेका रुग्णात वेगळे काढणे अवघड असते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुमारे १२० रुग्णांच्या स्मृती, एकाग्रता आदी क्षमता तपासण्यात आल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास एकतृतीयांश रुग्णांत बौद्धिक क्षमतेत घट आढळली. कमी शिक्षण, कमी उत्पन्न, तोंडावाटे घेतलेली स्टिरॉइड्स आणि हृदयविकाराला पोषक घटक असलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. हा स्मृतिभ्रंश नव्हे. बहुतेकांत ती सौम्य, कमी-जास्त होणारी अडचण असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी केलेली पाहणी महत्त्वाची ठरते. तीत चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का व्यक्तींना हा विकार असल्याचे दिसले. हाच दर रत्नागिरी जिल्ह्याला लावला, तर रुग्णसंख्या पाच-सहा हजारांच्या घरात जाते. हा अर्थातच ढोबळ अंदाज आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हा विकार दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला आणि घर, बाग, सासूसासरे सांभाळणारी स्त्री गावी, ही येथील जुनी रीत त्या आकड्यामागे आहे. अशा घरात विसरभोळेपणा लक्षात आणून देणारे माणूस जवळ असेलच असे नाही.

खरा धोका औषधांच्या बाबतीत संभवतो. या विकारावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात फोड येणे, रक्तपेशी घटणे आणि प्रसंगी मृत्यू ओढवणे इथपर्यंत परिणाम होऊ शकतात. सोबतच्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिसायला सारख्या असल्या तर घोटाळा आणखी सोपा होतो. गोळी घेतली की नाही हेच ज्याला आठवत नाही, त्याच्या हाती हे औषध तोंडी सूचनेवर सोपवणे धोक्याचे ठरते. वार ठरवून चिठ्ठीवर ‘सोमवारी’ असे मराठीत स्पष्ट लिहून घ्यावे, ती गोळी इतर गोळ्यांपासून वेगळ्या डबीत ठेवावी आणि घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. मुंबईतला मुलगा त्या दिवशी फोनवरून आठवण करून देऊ शकतो. गोळी घेतली की नाही अशी शंका आल्यास दुसरी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

विस्मरणाच्या भीतीने औषध परस्पर बंद करणेही तितकेच चुकीचे आहे, कारण दाह आटोक्यात राहण्यासाठी तेच लागते. तक्रार मात्र डॉक्टरांना सांगावी. हिमोग्लोबिन, थायरॉइड व बी-१२ यांच्या तपासण्यांतून उपचार होण्याजोगे कारण पुष्कळदा सापडते; झोप आणि मनःस्थितीचीही चौकशी व्हावी. स्मृती तपासण्याच्या प्रश्नावल्या मराठीत उपलब्ध आहेत, परंतु शाळेत फारसे न गेलेल्या वृद्धेचे गुण पदवीधराच्या मापाने मोजता येत नाहीत.