मक्याच्या शुद्ध वंशांचे मूल्यमापन
मक्यात स्वभावतः परपरागण होते. तुऱ्यातील पराग त्याच झाडाच्या कणसावर हाताने टाकून पाच ते सात पिढ्या स्वपरागण केले म्हणजे आनुवंशिक दृष्ट्या एकसारख्या झाडांचा शुद्ध वंश मिळतो. असे वंश खुरटे व कमी उत्पन्नाचे असतात; मात्र योग्य अशा दोन वंशांचा संकर केल्यास संततीत जोम पुन्हा प्रकट होतो (संकरज ओज). जी. एच. शल यांनी १९०८-०९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगांवरून हे दाखवून दिले. तत्पूर्वी अमेरिकेत कणसाच्या देखणेपणावरून बियाणे निवडीत. आता वंशाची योग्यता त्याच्या रूपावरून नव्हे, तर संततीवरून ठरू लागली.

दुर्बल मादी वंशावर तयार होणारे एकसंकर बियाणे महाग पडे. डी. एफ. जोन्स यांनी १९१८ मध्ये सुचविलेल्या चार वंशांच्या दुहेरी संकराने ही अडचण दूर झाली. पण चाचणीचा व्याप वाढला. शंभर वंशांपासून ४,९५० एकसंकर, तर १,१७,६३,६७५ दुहेरी संकर संभवतात. ते सर्व पेरून पाहणे अशक्यच होय. यावर आर. एल. डेव्हिस यांनी १९२७ मध्ये प्रत्येक वंशाचा एकाच सर्वसामान्य वाणाशी संकर करून निकृष्ट वंश आधीच वगळण्याची पद्धत सुचविली. एकसंकरांच्या उत्पन्नावरून दुहेरी संकराचे उत्पन्न वर्तविण्याची रीत एम. टी. जेंकिन्स यांनी १९३४ मध्ये मांडली. स्प्रेग व टेटम यांनी १९४२ मध्ये वंशाची सर्वसाधारण संयोगक्षमता आणि ठराविक जोडीतच दिसणारी विशिष्ट संयोगक्षमता यांत भेद केला.

भारतात अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला व १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित व डेक्कन हे दुहेरी संकर प्रसृत झाले.

केवळ उत्पन्नाच्या कसोटीची मर्यादा १९७० मध्ये अमेरिकेत उघड झाली. तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून बहुतेक संकरित बियाण्यात टेक्सस प्रकारचे नर-वंध्य कोशिकाद्रव्य वापरले होते. वंश भिन्न असले, तरी ही एक बाब समान होती आणि तीमुळेच ते करप्याच्या एका कवकप्रकारास बळी पडले. देशातील सु. १५ टक्के पीक बुडाले. त्यानंतर रोगप्रतिकारकता व आनुवंशिक विविधता यांना मूल्यमापनात अधिक महत्त्व आले. आता जनुकीय खुणांवरून वंशांची प्राथमिक निवड करता येते; तथापि अंतिम निर्णय अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत घेतलेल्या शेतचाचण्यांवरच अवलंबून असतो.