गोरेपणाच्या जाहिरातीला बायकांनी विचारलेला जाब

आज एका पुडीचा इतिहास सांगते. किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांशेजारी माळेने टांगलेली गोरेपणाच्या क्रीमची पुडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या पुडीवरून दिल्लीत मंत्रालयापर्यंत भांडण गेलं होतं आणि ते भांडण बायकांच्या संघटनेने केलं होतं, हे मात्र फार थोड्या जणींना माहीत असतं.

'फेअर अँड लव्हली' हे क्रीम 1975 साली बाजारात आलं. कंपनी मुंबईची, हिंदुस्तान लिव्हर. गोरेपणाचा हट्ट काही या कंपनीने शोधून काढला नाही. तो आपल्या घरांत आधीपासूनच होता. 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे' अशा जाहिराती वर्तमानपत्रांत छापून येतच होत्या. सावळी मुलगी जन्मली की हुंडा वाढणार, असा हिशेब बाळंतिणीच्या खोलीतच सुरू व्हायचा. कंपनीने ती काळजी ओळखली आणि तिच्यावर किंमत लावून ती दुकानात मांडली.

सुरुवातीच्या जाहिरातींचा भर लग्नावर असे. मुलगी उजळली की स्थळ पसंत. पुढे मुली शिकू लागल्या, नोकरी करू लागल्या. 1991 नंतर घराघरांत केबल आली. तशी जाहिरातही बदलली. गोरेपणामुळे आता नवऱ्यासोबत नोकरीही मिळू लागली.

त्यातली एक जाहिरात फार गाजली. निवृत्त झालेला बाप, तुटपुंजी पेन्शन, चहाला घरात दूध नाही. तो म्हणतो, आपल्याला मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलगी ते ऐकते. क्रीम लावते, गोरी होते, हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि आईबापांना मोठ्या हॉटेलात घेऊन जाते.

वरवर पाहिलं तर वाटेल, चांगलंच आहे की! मुलगी कमावते, बापाला सांभाळते. पण अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने ही गोष्ट नीट उलगडून पाहिली. या मुलीचं शिक्षण कुठे आहे? तिची मेहनत कुठे आहे? मुलगा असता तर नुसतं मुलगा असणं पुरलं असतं, आणि मुलीला मात्र आधी रंग बदलावा लागतो. म्हणजे एकाच जाहिरातीत वर्णभेदही आहे आणि मुलग्याचा हव्यासही, असं संघटनेचं म्हणणं होतं.

2002 मध्ये संघटनेने कंपनीकडे तक्रार केली. तिथे दाद लागली नाही, तेव्हा त्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेल्या. आयोगाने तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे पाठवली. आता बघा, संघटना डाव्या विचारांची आणि दिल्लीत सरकार वाजपेयींचं. एरवी या दोघांचं कशावर जमायचं नाही. तरीही 2003 मध्ये मंत्रालयाने केबल टीव्हीच्या कायद्याचा आधार घेऊन या क्रीमच्या दोन जाहिराती दाखवायला मनाई केली. तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनीही अशा जाहिरातींविरुद्ध जाहीरपणे भूमिका घेतली.

त्याच वर्षी कंपनीने त्याच क्रीमच्या नावाने एक प्रतिष्ठान काढलं आणि गरीब मुलींना शिष्यवृत्त्या देऊ केल्या. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींचं भलं झालं असेल, ते नाकारायचं कारण नाही. पण त्या मदतीवर नाव कुणाचं राहिलं, तेही विसरू नये.

आता आपल्या बचत गटांशी जोडलेला भाग. 2001 च्या सुमारास याच कंपनीने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यात 'शक्ती' नावाचा उपक्रम सुरू केला. गटातल्या बायकांनी कंपनीचा साबण, पावडर, क्रीम घेऊन गावात घरोघरी विकायचं. बायकांच्या हातात चार पैसे येऊ लागले. पुढे हा उपक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोचला. म्हणजे सावळ्या मुलीच्या मनातली भीती आणि गटातल्या बाईची कमाई एकाच पिशवीतून गावात फिरू लागली.

यावर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या दोन भारतीय वंशाच्या प्राध्यापकांची मतं अगदी उलट होती. सी. के. प्रल्हाद यांचं म्हणणं असं, की गरीब बाईलाही तिला परवडेल अशी वस्तू निवडता आली, तर तिला बळ मिळतं. अनिल कर्नानी यांनी 2007 मध्ये याच क्रीमवर लेख लिहून उत्तर दिलं, की ज्या समजुतीने बाईला खाली दाबलं, तीच समजूत घट्ट करणारी वस्तू विकत घेतल्याने बाईची सुटका होत नाही. कंपनीचा नफा आणि समाजाचं भलं इथे एका वाटेने जात नाही.

मला स्वतःला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण विकणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. तिच्याही घरी चूल पेटायची असते.

पुढचा इतिहास वेगाने घडला. 2009 मध्ये चेन्नईतून 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू झाली आणि पुढे अभिनेत्री नंदिता दास तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. 2014 मध्ये जाहिरातदारांच्याच मानक परिषदेने नियम केले, की सावळी व्यक्ती दुःखी, कुरूप किंवा अपयशी दाखवायची नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने एका कायदादुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात गोरं करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींसाठी दंड आणि तुरुंगवास सुचवला होता. मग मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. जगभर वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. गोरेपण विकणाऱ्या कंपन्यांनाही प्रश्न विचारले गेले. जूनमध्ये कंपनीने 'फेअर' हा शब्द काढायचं जाहीर केलं आणि जुलैमध्ये 'ग्लो अँड लव्हली' हे नाव आलं. त्याच महिन्यांत लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानेही रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली.

पंचेचाळीस वर्षांनी एक शब्द गेला. जागा मात्र 'ग्लो' म्हणजे तेज या शब्दाने घेतली. आता जाहिरातीत 'उजळ', 'तेजस्वी', 'डागविरहित' असं ऐकू येतं. ऐकणारी मनातल्या मनात त्याचा अर्थ 'गोरी' असाच लावते. तरीही हा बदल लहान समजू नका. कुणी तक्रार केली नसती, तर मुलीला रडवून क्रीम विकणारी ती जाहिरात कितीतरी वर्षं चालली असती.

आज तक्रारीचे रस्ते आपल्यालाही उघडे आहेत. जाहिरात मानक परिषदेकडे कुणीही ग्राहक तक्रार करू शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं आहे. फसवी जाहिरात असेल तर ते 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं आणि पुन्हा तसंच केलं तर 50 लाखांपर्यंत.

पण लग्नाच्या बायोडाटात 'वर्ण' हा रकाना कोणतीही कंपनी भरायला लावत नाही. तो आपण भरतो. पुढच्या गट बैठकीत, हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा आणि या रकान्यावर बोला. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे आणि ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा आहे, दोघींनाही बोलू द्या. तो रकाना कोऱ्या कागदावरूनच काढायचा असं गटाने ठरवलं, तर आम्हाला जरूर कळवा.