केर्दोस

‘केर्दोस’ या ग्रीक नामाचा मूळ अर्थ नफा, लाभ किंवा मिळकत असा असून ‘केर्दाइनो’ (नफा कमावणे, मिळवणे) हे त्याच्याशी संबंधित क्रियापद होय. होमरच्या काव्यात या शब्दाला लाभाबरोबरच तो साधून देणाऱ्या चतुराईची, प्रसंगी कावेबाजपणाचीही छटा आहे, तर न्यायाचे विवेचन करताना ॲरिस्टॉटलने ‘केर्दोस’ आणि ‘झेमिया’ (तोटा) ही जोडी खरेदी-विक्रीच्या व्यवहारातून आल्याचे नमूद केले आहे. जुन्या कराराच्या ‘सेप्टुअजिंट’ या प्राचीन ग्रीक भाषांतरात हा शब्द आढळत नाही. त्यामुळे नव्या करारातील त्याचा अर्थ लावताना बाजाराच्या भाषेकडेच अधिक पाहावे लागते.

नव्या करारात हे नाम तीनदाच येते. फिलिप्पैकरांस पत्रात (१.२१) बंदिवासात असलेला पौल मरणालाच लाभ म्हणतो, कारण त्याच्या लेखी मरण म्हणजे ख्रिस्ताच्या सान्निध्यात जाणे होय. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाच्या वंशातील जन्म, परूशी पंथ आणि नियमशास्त्राचे निर्दोष पालन अशा आपल्या जमेच्या बाबी तो एकेक करून मांडतो आणि ख्रिस्तासाठी त्या सगळ्या तोट्याच्या बाजूला टाकतो (३.७). मूळ ग्रीकमध्ये येथे लाभ अनेकवचनी आणि तोटा एकवचनी आहे, म्हणजे जमेच्या अनेक नोंदींची मिळून एकच तूट दाखवली आहे. चौथ्या अध्यायातही देण्याघेण्याचा हिशेब आणि खात्यावर जमा होणारे फळ अशी भाषा येत असल्याने ही जमाखर्ची परिभाषा पौलाने जाणूनबुजून योजलेली दिसते. तिसरा उल्लेख तीताला लिहिलेल्या पत्रातला (१.११) असून क्रेत बेटावरील खोट्या शिक्षकांना उद्देशून तेथे ‘लज्जास्पद’ हे विशेषण जोडावे लागले आहे, केवळ नफा निंद्य ठरवण्यास हा शब्द एकटा पुरत नाही, हे त्यावरून कळते.

क्रियापदाचा वावर याहून मोठा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात सोपवलेल्या रकमेवर दासांनी केलेली कमाई (२५.१६–२२) आणि याकोबाच्या पत्रातील व्यापाऱ्यांचा बेत (४.१३) हे त्याचे सरळ व्यावहारिक उपयोग होत. मात्र अपराधी बंधूला समजावून परत ‘मिळवणे’ (मत्तय १८.१५) किंवा पत्नीच्या आचरणाने पती श्रद्धेकडे वळणे (१ पेत्र ३.१) अशा ठिकाणी मिळकत पैशांची नसून माणसांची आहे, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात (९.१९–२२) पौल याच अर्थाने हे क्रियापद पाच वेळा वापरतो. प्रेषितांची कृत्ये (२७.२१) येथे वादळात सापडलेल्या जहाजावर तोच पौल सल्ला न मानणाऱ्यांना, त्यांनी हानी आणि तोटा ‘कमावला’ असे काहीशा उपरोधाने सुनावतो, काही अभ्यासक तेथे ‘टाळला असता’ असा अर्थ घेतात.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६.५–६) भक्ती हे कमाईचे साधन मानणाऱ्यांवर टीका करताना मात्र ‘पोरिस्मोस’ हा उपजीविकेच्या साधनाकडे झुकणारा वेगळा शब्द आहे.